एकाच उंचीच्या खुर्च्या

वहिनी,

तुला पोचवून आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईच्या काकू आल्या. सतरंजीवर बसल्या, पदर डोळ्यांना लावला आणि मग घरभर नजर फिरवली. तुझ्या बुटक्या खुर्च्या पाहिल्या, भिंतीवर टांगलेला काळ्या-विटकरी चौकटींचा विणलेला पट्टा पाहिला आणि म्हणाल्या, "बिचारी. पोटी काही न्हाई, म्हणून लाकडात जीव रमवला."

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. दुःखाच्या घरात कुणी कुणाला खोडत नाही. मी खोडलं. म्हटलं, "काकू, रडायचं असंल तर रडा, पण तिला बिचारी म्हणू नका. जीव रमवायला न्हाई केलं तिनं. तिला खुर्च्या करायच्या होत्या, म्हणून केल्या."

काकूंनी पदर खाली घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं, की ही पण तिच्यासारखीच झाली. झाले असेन.

लोक येतायत, चहा घेतायत आणि तुझी एक गोष्ट तयार करतायत. गुणी सून. सोशिक. सगळ्यांना धरून राहणारी. सोशिक, आणि तू! ऐकताना मला आतून इतका संताप येतो, की रडू बाजूलाच राहतं. ती गोष्ट गावात पक्की व्हायच्या आत मी हे लिहून ठेवतेय. तुला माहीतच आहे सगळं. तरी तुलाच सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला गेले तर ते मध्येच 'बिचारी' म्हणतील.

तू हैदराबादहून परतूरला आलीस तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. दादाचा सरकीचा आणि कापसाचा व्यापार बरा चालला होता. मी लग्नाची, घरातच होते. तुमच्याकडचं सामान रेल्वेनं येणार म्हणून अख्खी गल्ली वाट बघत होती. त्या वेळी मुलीच्या सामानात पलंग यायचाच आणि पलंगाच्या डोक्याशी दोन मोर समोरासमोर असायचेच. स्टेशनवरून हातगाडी आली. तिच्यावर ट्रंका, भांडी आणि एकच खुर्ची. बुटकी, बिनहातांची, रुंद. सागवानाचे सरळ पाय आणि राखाडी-विटकरी नवारीची विणलेली बैठक. कलाशाळेत शिकताना तू ती स्वतः आखली होतीस, स्वतः केली होतीस. तुझे वडील पलंग द्यायला तयार होते. तूच त्यांना नको म्हणालीस.

आईनं खुर्चीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हिचे पाय कुणी कापले?"

तू न चिडता सांगितलंस, की लुगडं नेसून मांडी घालून बसता यावं म्हणून ती बुटकी आहे आणि रुंद आहे. बायांसाठी आहे. आईला हसूच आलं. आपल्या घरात तोवर दोन खुर्च्या होत्या. दोन्ही लोखंडी, दोन्ही पुढच्या बैठकीत. त्यांच्यावर दादा बसायचा, व्यापारी बसायचे, पाव्हणे बसायचे. आई उभ्या आयुष्यात एकदाच खुर्चीवर बसली होती, फोटोवाल्याकडं. हे तिनं तुला सांगितलं ते तक्रार म्हणून नाही, तू काय बोलतेस ते तुला कळावं म्हणून.

मला पलंग आला नाही याचं वाईट वाटलं होतं. मला मोर आवडायचे. अजून आवडतात. माझ्या लग्नात दादानं युसूफभाईंकडून मोरांचा पलंग करवून घेतला, तेव्हा तू त्याच्या नक्षीवरून हात फिरवलास आणि मला विचारलंस, "तुला आवडला?" मी हो म्हटलं. "मंग बराबर," म्हणालीस. बस. मला वाटलं होतं काहीतरी ऐकवशील.

तो पलंग माझ्याबरोबर टेंभुर्णीला गेला आणि तिथंच राहिला. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणली तेव्हा मी नेसत्या लुगड्यानिशी निघून आले. परतूरच्या घरात कुणी मला वाईट बोललं नाही. पण पाव्हणे आले की आई हळूच म्हणायची, "निमा, तू आत बस." मग मी चुलीमागं जाऊन बसायची. तिथून बाहेरचं बोलणं ऐकू यायचं. माझंच बोलणं चाललेलं असायचं.

तू हे बघत होतीस. मला काही म्हणाली नाहीस. युसूफभाईंना बोलावलंस आणि तुझ्या खुर्चीसारख्या आणखी तीन खुर्च्या करायला घेतल्यास. युसूफभाई पंचक्रोशीतले नावाजलेले सुतार. त्यांच्या पटाशीखाली लाकडाला पानं फुटायची. त्यांनी पहिल्या खुर्चीच्या पाठीवर एक वेल कोरायला सुरुवात केली. तू ती पाठ नव्यानं, साधी करायला सांगितलीस. माणूस दुखावला. "बाई, ये सीधी लकडी तो कोई बी लगाएगा," म्हणाले. "माझ्या हाताला मंग काम काय?"

तू सांधा दाखवून म्हणालीस, "हे. हे झाकू नका."

त्यांना पटलं नाही. पण त्यांनी खुर्च्या केल्या, आणि चोख केल्या. चारही खुर्च्या एकाच उंचीच्या. एकही मोठी नाही, एकीलाही हात नाहीत. मालकाची कुठली आणि पाव्हण्याची कुठली हे ओळखू येऊ नये अशा.

मग टेंभुर्णीहून निरोप आला. सासरे आणि चुलतसासरे बोलणी करायला येणार होते. बोलणी म्हणजे काय ते ठरलेलंच होतं. मी परत जायचं, दुसरीबरोबर राहायचं, घरातलं बघायचं. त्या सकाळी तू दोन्ही लोखंडी खुर्च्या उचलून सरकीच्या गोदामात नेऊन ठेवल्यास. बैठकीत फक्त तुझ्या चार.

ते आले. खुर्च्या बघून जरा थबकले, पण बसले. गुडघे वर आले त्यांचे. दादा अजून पाणी देत उभाच होता. तेवढ्यात तू आत आलीस, चुलीमागून मला हाताला धरून उठवलंस, बाहेर आणलंस आणि सासऱ्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसवलंस.

सासऱ्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. दादाला म्हणाले, "हिला खाली बसवा. मंग बोलू."

आई दाराआड. दादा तांब्या हातात धरून खाली बघत होता. मग तू बोललीस, आवाज न चढवता. "मामा, बोलणं तिचं हाय. ती इथंच बसंल. तुम्हाला खाली बसायचं असंल तर सतरंजी टाकते."

सगळे दादाकडं बघायला लागले. माझा भाऊ बोलणारा माणूस नाही, हे तुझ्याएवढं कुणाला माहीत! त्यानं तांब्या खाली ठेवला, आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला.

सासरे उठले. इतक्या बुटक्या खुर्चीवरून उठणं सोपं नव्हतं. गुडघ्यांवर हात टेकत उठावं लागलं, आणि तेवढ्यात त्यांचा सगळा तोरा गेला. ते निघून गेले. पुढं सोडचिठ्ठी झाली.

गावात एकच बोलणं सुरू झालं. खुर्चीपायी पोरीचं घर मोडलं. आई पण हेच म्हणायची. तो सगळा पावसाळा ती तुझ्याशी बोलली नाही. ताट वाढून सरकवून द्यायची. एकदा मीच तुला विचारलं, की तुला वाईट वाटत नाही का? तू म्हणालीस, "घर तिकडं मोडलं, निमा. इथं नुसतं बसलो आपण."

लोक मला अजून सांगतात, निमाबाई, काय धीट बसल्या होत्या तुम्ही. धीट कसली! माझं सगळं अंग खाली बसायला बघत होतं. बैठकीची नवार मी मुठीत धरली होती आणि तुझा हात माझ्या खांद्यावर होता. तो प्रेमानं ठेवलेला हात नव्हता. दाबून ठेवलेला होता. तू सोडलं असतंस तर मी उठून चुलीमागं पळाले असते. हे तुला नि मला दोघींनाच माहीत होतं, आणि आपण त्यावर कधी बोललो नाही. तुला उपकार म्हटलं की राग यायचा. म्हणून आत्ता म्हणते. आता तुला राग आला तरी काय करशील?

त्यानंतर तू दादाकडं गोदामाच्या अर्ध्या भागाची शेड मागितलीस. दादानं दिली. स्टेशन रोडवर, पत्र्याची, दोन्ही बाजूंनी उघडी. पहिल्या दिवशी तू माझ्या हातात रंधा दिलास. मी म्हटलं, मी झाडलोट करते, चहा करते, नवार विणते. तू म्हणालीस, नवार पण विण, पण आधी हे शीक. पहिली फळी मी अशी तासली, की तिच्या मधोमध तळं झालं. तू त्या फळीवर पाणी ओतलंस आणि ते मध्ये साचलेलं मला दाखवलंस. हसलो दोघी. सोडचिठ्ठीनंतरचं माझं ते पहिलं हसू.

युसूफभाई थोडे दिवस आपल्याकडं होते. मग एक दिवस त्यांनी सरळ सांगितलं, की बाई, मला हे जमून न राह्यलं, माझे हात सुकून चालले. रस्त्याच्या पलीकडं त्यांनी आपलं दुकान टाकलं. मोर, सिंह, कमळं, वेली. तिथं गर्दी, आपल्याकडं शुकशुकाट. तरी पटाश्यांना धार लावायला तू त्यांच्याकडंच जायचीस आणि ते सरळ पट्ट्या तासून हव्या असल्या की आपल्याकडं यायचे. तुम्ही दोघं एकमेकांचं काम बघून नाक मुरडायचात आणि चहा बरोबर घ्यायचात.

या बाबतीत माझं मत युसूफभाईंच्या बाजूनं होतं. हे भांडण आपण किती वर्षं केलं! मी म्हणायची, एक फूल असलं तर काय बिघडलं? बाईला घरात एवढीच गोष्ट असते बघायला. तू म्हणायचीस, "दागिना न घालणारी बाई कमी असते का?" मी म्हणायची, न्हाई, पण घालणारी खोटी पण नसते. मग तू रंधा उचलायचीस आणि मला वाटायचं मी जिंकले. दुसऱ्या दिवशी तू नवं उत्तर घेऊन यायचीस. तुझं शेवटचं उत्तर असं होतं, की आपल्याकडं वस्तू सजवतात आणि बाई तिच्याभोवती फिरते, पुसते, धूळ काढते. वेलीच्या खाचांतली धूळ कोण काढतं? मला यावर काही सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही, पण पटलेलंही नाही.

आपलं पहिलं खरं गिऱ्हाईक एक शिक्षिका होती. विधवा, दोन खोल्यांत भाड्यानं राहणारी, बरोबर कॉलेजातली लेक. तिला जेवायला टेबल हवं होतं. तू आधी तिच्या घरी गेलीस, मला घेऊन, आणि अख्खी दुपार नुसती बसलीस. ती बाई अवघडली. तिला वाटलं आपण तिचं घर तपासायला आलो. वह्या ती कुठं तपासते, लेक कुठं अभ्यास करते, दार उघडलं की काय अडतं, सगळं तू बघत होतीस. मग आपण भिंतीला बिजागरीवर लावलेली एक फळी केली. खाली केली की टेबल, वर केली की भिंत. तिच्या खालच्या बाजूला तू तीन रंगांचे चौकोन रंगवलेस, काळ्या रानाचा, तुरीच्या डाळीचा आणि वीटभट्टीचा. फळी वर असली की भिंतीवर चित्र लावल्यासारखं दिसायचं. ती बाई मला परवा येऊन भेटली. म्हणाली, लेकीनं पुण्याला घर घेतलंय आणि ती फळीच मागतीय. मी लेकीला देणार न्हाई म्हटलं.

ती रडली नाही. तिनं तुझ्याबद्दल असं काही सांगितलं, जे खरं होतं. मला फार बरं वाटलं.

मुंबईचं ते प्रदर्शन. त्याचं मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही. नव्या धाटणीच्या घरसामानाचं प्रदर्शन होतं. तू फोटो पाठवलेस, त्यांनी बोलावलं. आपण टेम्पोत खुर्च्या, एक दिवाण आणि दोन विणलेले पट्टे घेऊन गेलो. तिथं गेल्यावर कळलं, मुख्य दालनात आपलं काही नाही. आपली जागा बाहेरच्या मांडवात, मातीचे घोडे आणि गोधड्यांच्या शेजारी, पाटी 'ग्रामीण हस्तकला'. तिथल्या व्यवस्थापक बाई फार गोड बोलत होत्या. त्यांनी मला सुचवलं, की तुम्ही नऊवारी नेसून इथंच नवार विणत बसलात तर लोकांना फार आवडेल.

मी तयार होते, वहिनी. एवढ्या लांब आलो, विकलं जाईल, असं वाटत होतं. तू त्या बाईंना विचारलंस, आत ज्यांच्या खुर्च्या आहेत त्यांना काय नेसून बसायला सांगितलंय? त्या हसल्या. त्यांना वाटलं तू गंमत करतेस. तू म्हणालीस, "ही हस्तकला न्हाई. मी ही आखलीय, जशी आतल्यांनी आखलीय. परतूरला आखली, एवढाच फरक."

त्यांनी समजूत घातली, नियम सांगितले, जागा भरल्यात म्हणाल्या. तू टेम्पोवाल्याला हाक मारलीस. आपण सगळं परत चढवलं. येताना ड्रायव्हरजवळ एकालाच जागा होती, म्हणून मागं आपण आपल्याच खुर्च्यांवर बसून आलो. घाट लागला, वारा सुटला, तुझं डोकं बांधलेलं, मांडी घातलेली. रस्त्यावरची माणसं बघत होती. मी चिडून तोंड फिरवून बसले होते. तू म्हणालीस, "कंबर दुखली का?" मी म्हटलं न्हाई. "आतल्या कुठल्याबी खुर्चीवर बसून एवढी वाट आलो असतो, तर दुखली असती." आणि तू झोपलीस. खरोखर झोपलीस, मान टाकून. मला त्या वेळी तुझा राग आला होता. आज तोच प्रवास मला सगळ्यात जास्त आठवतोय.

मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. नव्वदीनंतर बघता बघता लग्नात, दुकानात, ग्रामपंचायतीत, घराघरात. युसूफभाईंचं गिऱ्हाईक तुटलं, आपलं तर आधीच थोडं होतं. मी त्या खुर्च्यांना शिव्या घालत होते. तू एक विकत आणलीस. शेडमध्ये मधोमध ठेवलीस, उलटी केलीस, पाय दाबून बघितलेस, बोटानं कडा चाचपल्यास. मी वाट बघत होते की आता काहीतरी बोलशील. तू म्हणालीस, "कुणी केलीय, निमा? हुशार माणूस हाय."

तू म्हणालीस, एकच तुकडा, एकही नक्षी न्हाई, हलकी, एकावर एक बसती, पाटलाला तीच आणि सालगड्याला तीच. "हेच तर मी करायला निघाल्ते. कुणीतरी करून टाकलं."

यावरून आपण भांडलो आणि मग आठवडाभर बोलचाल बंद होती. मी म्हणत होते, तिच्यावर घाम येतो, पाय फाकतात, उन्हात तडकते, ती कुणाची नसते. तू म्हणत होतीस, कुणाची नसते म्हणूनच कुणीही बसतं. माझ्या दृष्टीनं आपण हरलो होतो. तुझ्या दृष्टीनं आपली बाजू जिंकली होती, फक्त आपण बाजूला पडलो होतो. दुसऱ्याच्या वस्तूचं इतक्या मोकळेपणी कौतुक करणारं माणूस मी तुझ्याशिवाय बघितलं नाही. आणि त्यानंतर तू काम थांबवलंही नाहीस. उलट म्हणालीस, आता साध्या खुर्चीचं काम ती करील. जिथं ती पोचत न्हाई तिथलं आपण करू.

औरंगाबादच्या दवाखान्यात तुझ्या खाटेजवळ एक लोखंडी स्टूल होतं, भेटायला येणाऱ्यांसाठी. मी दिवसदिवस त्याच्यावर बसायची. तुझा श्वास लागत होता, तरी तू त्या स्टुलाकडं बघत म्हणालीस, "माणसानं जास्त वेळ बसू नये म्हणूनच असलं केलंय." मग जरा थांबून, "तू काही उठून न राह्यली." मी म्हटलं, न्हाई उठणार. यापुढं आपण काही विशेष बोललो नाही. डॉक्टरांनी धीर द्यायला सांगितलं होतं. मी दिला नाही. तुला खोटा धीर दिलेला कळला असता आणि तू तो परत केला असतास.

दहाव्याला सगळे जमले. चुलतभाऊ शिवाजीनं विषय काढला. म्हणाला, वहिनी गेल्या, निमाअक्काचं वय झालं, शेड रस्त्याला लागून आहे, मोबाइलच्या दुकानासाठी मागणी आहे. बोलण्यात वाईट काही नव्हतं. माझ्या भल्याचंच बोलत होता. बाकीच्यांनी पण होकार दिला. सगळ्यांनी दादाकडं बघितलं. तू गेल्यापासून दादा जेवायला बसतो आणि ताटाकडं बघत राहतो. त्यानं मान वर केली.

"शेड निमाची हाय," तो म्हणाला. "तिला विचारा."

मग ते माझ्याकडं वळले. मी सांगितलं, उद्या सकाळी शेड उघडणार, एक काम अर्धं आहे. शिवाजी म्हणाला, अक्का, अजून तेरावं व्हायचंय, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, "लोकांनी मला खाली बसवायला सांगितल्तं. तेव्हा ऐकलं न्हाई. आता कशाला ऐकू?"

काम शहनाजभाभीचं होतं. बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान आहे. बाया खाली जमिनीवर बसायच्या आणि भाभी वाकून वाकून बांगड्या भरायची. पाठ गेली तिची. तिला बाक हवं होतं. तुझं म्हणणं, की भरणारीचे आणि भरून घेणारीचे डोळे समोरासमोर यावेत. तेवढ्यावरून तू बैठकीची उंची ठरवलीस, लांबी ठरवलीस. पाठ हवी की नको यावर आपण अडलो होतो. तू म्हणत होतीस नको, बाई हात पुढं करून बसते, पाठीला काम काय? मी म्हणत होते, बाजार करून दमून आलेली बाई आधी मागं टेकते, मग हात पुढं करते. तू म्हणालीस, दवाखान्यातून आल्यावर बघू.

मी पाठ लावली, वहिनी. बाभळीच्या दोन आडव्या पट्ट्या. सांधे उघडे ठेवले. तू असतीस तर काढायला लावली असतीस, आणि मी काढली नसती.

काल ते बाक दुकानात बसवून आले. हात पुसत बाजूला उभी होते, तेवढ्यात खेड्यावरून आलेली एक बाई दुकानात शिरली. डोक्यावर पाटी, कडेला लेकरू. पाटी खाली ठेवली, बाकावर बसली, मागं रेलली, डोळे मिटून एक मोठा श्वास सोडला. मग पुढं होऊन हात शहनाजभाभीच्या हातात दिला आणि हिरव्या दाखवा म्हणाली. बांगड्या भरून झाल्या, दोघींचं किमतीवरून खटकलं, मिटलं. ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. बाकाकडं तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही.

तुझी,
निमा